चव बघणारी नात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, निवृत्त परिचारिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांचा मी मागितला नाही.

१. राहती खोली व बँकेतील ठेव भाचीला द्यावी.

२. आजोबांच्या खानावळीतला आमटी वाढायचा मोठा डाव मावसबहिणीने दोन दिवसांसाठी नेला, त्याला अठरा वर्षं झाली. तो तिच्याकडेच राहू द्यावा. मात्र मी विसरले नव्हते, हे तिला कळवावं.

३. खानावळीचा गाळा, जिथे सध्या चष्म्यांचं दुकान आहे, आजोबांनी एकट्या मला दिला. तेव्हापासून धाकटा भाऊ माझ्याशी बोलत नाही. आजोबांनी तसं का केलं हे त्याला ठाऊक नाही, म्हणून नोंदवते.

मी नऊ वर्षांची असताना मोठ्या आजारपणात आजोबांच्या तोंडाची चव कायमची गेली. गिऱ्हाइकांना कळतं तर खानावळ बसली असती. म्हणून शाळेआधी स्टुलावर चढून प्रत्येक पातेल्यातलं मी चाखायचे. पातेल्यावर एक टिचकी म्हणजे मीठ हवं, दोन म्हणजे पुरे. आजीलाही पत्ता नव्हता. कोणाला सांगणार नाही, असा मी शब्द दिला होता.

एकदा त्यांनी सहलीला जाऊ दिलं नाही. मीठ पुरेसं असूनही मी रागाने रश्शाच्या पातेल्यावर तीनदा एकच टिचकी दिली, मीठ चढतच गेलं. दुपारी सहाही टेबलांवरची ताटं तशीच परत आली. एक वकील ओरडले, "म्हातारबुवा, जीभ कुठे गहाण ठेवलीत?"

"हात सैल सुटला. चूक माझी," आजोबा म्हणाले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी चमचा पुढे करून म्हणाले, "बघ गं, कसं झालंय." पुढची अकरा वर्षं मी एकदाही खोटं सांगितलं नाही.

भाऊ अजून सांगत फिरतो की आजोबांना मिठाचं भान नव्हतं. त्याने ते थांबवावं. ती करणी माझी होती.

४. सबब, गाळा भावाला द्यावा. अट नाही.

साक्षीदार म्हणून आलेल्या खालच्या शिंप्यांनी हे वाचून विचारलं, "ताई, भाऊ पुढच्या गल्लीतच राहतो ना? मग हे त्याला आजच का नाही सांगत?"

मी म्हटलं, "तुम्ही आधी सही करा."

स्थळ: राहती खोली, दुसरा मजला
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२३

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. शिंपी (सही, थोड्या वेळाने)