पत्रवाहकास द्यावे

सर, तुमची पुस्तकं आमच्या कॉलेजात आली. अकरा खोकी. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, मागच्या वर्षी काकूही गेल्या, मग तुमच्या मुलीनं साताऱ्याचं घर विकायला काढलं. पुस्तकांचं काय करायचं म्हणून सांगलीतल्या तिच्या घराजवळचं कॉलेज शोधत ती आमच्या ग्रंथालयात आली. मी इथं सहायक ग्रंथपाल आहे हे तिला माहीत नव्हतं आणि तिनं मला ओळखलंही नाही. मी तिला दारातच ओळखलं, कपाळ तुमचं आहे तिचं. म्हणाली, एक कपाट वेगळं ठेवा, वर बाबांच्या नावाची पाटी लावा आणि पाटीखाली त्यांच्याविषयी चार ओळी तुम्हीच लिहून द्या मॅडम. मी बरं म्हणाले. नोकरीच आहे ती माझी.

चौथ्या खोक्यात ते पुस्तक निघालं. खाकी कव्हर घातलेलं, कडा नीट दुमडून आत खोचलेल्या. आमच्या धंद्यातल्या माणसाला सवय असते, पुस्तक हातात आलं की आधी शिक्का बघायचा. मी कव्हर सोडवलं. आत विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा गोल शिक्का होता, खाली शाईनं दाखल क्रमांक, आणि त्यावर आडवा लाल शिक्का, दुर्मीळ विभाग, घरी नेण्यास मनाई. मेंढक्यांच्या ओव्यांचा तो जुना संग्रह, सर. तोच. मी तिथंच खोक्यांच्या मधे फरशीवर बसले. आमच्या लेखनिक बाई धावत आल्या, मॅडम बीपी वाढलं का म्हणून विचारायला लागल्या. मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार होते त्यांना?

तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे, म्हणून सांगते. मी म्हसवडच्या बाजूची, धनगराची पोर. दिवाळी झाली की आमचे आबा मेंढरं घेऊन पश्चिमेला जायचे, उसाच्या पट्ट्यात वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, राहायचे, पावसाच्या तोंडाला परत यायचे. मी आत्याकडं राहून शिकले, साताऱ्याला येऊन एम.ए. झाले आणि एम.फिल.ला तुमच्याकडं लागले. विषय तुम्हीच दिला होता, मेंढक्यांची गाणी. मला तेव्हा वाटलं, काय माणूस आहे! ज्या गाण्यांची मला वर्गात लाज वाटायची, त्यांना हा माणूस विद्या म्हणतोय. पण साताऱ्याच्या कॉलेजात त्यावर पुस्तकं कुठली? ती सगळी विद्यापीठात. आणि विद्यापीठात माझ्यासारखीला दोन पुस्तकं, पंधरा दिवस. एसटीनं उंब्रज, कऱ्हाड करत जायचं, दोन पुस्तकं आणायची, ती पुरती वाचून होईतो परत द्यायची वेळ आलेली असायची. तुम्हाला मात्र दहा पुस्तकं, सबंध सत्रभर.

एक दिवस तुम्ही खिशातून कागद काढून त्यावर लिहिलंत, पत्रवाहकास माझ्यासाठी पुढील ग्रंथ द्यावेत, आणि खाली लफ्फेदार सही. कागद माझ्या हातात देऊन म्हणालात, जा, लागेल ते माझ्या नावावर आण. मला आयुष्यात कुणी दिलेली ती सगळ्यात मोठी भेट होती. हसू नका. पदवी मिळाली तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता. काउंटरवरचे लेखनिक माझ्याकडं वर मान करून बघायचे नाहीत, ते तुमची सही बघून खुर्चीतून उठायचे आणि आत जायचे. मी त्या चिठ्ठ्यांच्या जिवावर दोन वर्षं ताठ मानेनं फिरले. एकदा एका पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडून आणला म्हणून तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलंत. पुस्तक म्हणजे तुझ्या आबाची कांबळी नव्हे, म्हणालात. तेही मी गोड मानून घेतलं. परत कधी कोपरा दुमडला नाही, आजही नाही दुमडत.

ते पुस्तक आणलं तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी आमच्या सिद्धनाथाचा रथ होता. अख्खं गाव म्हसवडात, आबा मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून खास आलेले, आणि मी मात्र विद्यापीठात. तुम्हाला तुमच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहायचं होतं आणि त्यासाठी ते पुस्तक लगेच हवं होतं. दुर्मीळ पुस्तक खात्यावर देत नसत. पण नेहमीच्या प्राध्यापकाची चिठ्ठी असली की चार-आठ दिवसांसाठी द्यायचे. त्याची नोंद एका वेगळ्या वहीत व्हायची. जो घेऊन जाईल त्यानं तिथं सही करायची, आणि त्या ओळीला चिठ्ठी टाचणीनं लावून ठेवायची. पुस्तक परत आलं की ओळ खोडायची, चिठ्ठी फाडायची. कायद्यात कुठंच नव्हतं हे, पण चालायचं. मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. तेवढं लिहायची काही गरज नव्हती. मला लिहावंसं वाटलं.

संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात उभी आहे. काकू भाकरी थापतायत. तुम्ही जेवता जेवता उठता, हात धुता, पंचाला पुसता आणि पुस्तक दोन्ही हातांत घेता. मला बसवून काकू पिठलं-भाकरी वाढतात. तुम्ही पान उघडून एकेक शब्द विचारता, हे काय गं, हे कशाला म्हणतात, आणि मी तोंडात घास असताना सांगत जाते. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. त्याच्यावरनं अख्खी ओवी उलगडली तेव्हा तुम्ही टेबलावर थाप मारलीत. काकू म्हणाल्या, अहो, तिला जेवू तरी द्या. इतकं सुख मला त्या घरात मिळालं, सर. म्हणून तर जास्त लागलं.

पाच महिन्यांनी मला विद्यापीठाचं पत्र आलं. दुसऱ्या कुण्या प्राध्यापकांनी तेच पुस्तक मागितलं होतं, म्हणून वही उघडली गेली, आणि वहीत माझं नाव. मी पत्र घेऊन पळत तुमच्याकडं आले. तुम्ही म्हणालात, बघतो मी, तू काळजी करू नकोस. मी केली नाही. चौकशीला बोलावलं तेव्हा तिघेजण बसले होते आणि तुम्हीही बाजूला खुर्चीवर होतात, म्हणून मी अगदी निर्धास्त. वही माझ्यापुढं सरकवली. माझ्या ओळीला टाचणीची दोन भोकं होती, चिठ्ठी नव्हती. ती कुणी काढली, की आपली आपण गळून पडली, मला माहीत नाही. ते मी तुमच्यावर घालत नाही. पण त्यांनी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "हे पुस्तक माझ्याकडे आलेलं नाही." बस. एवढंच. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत.

मी आबांकडं गेले. ते तेव्हा कोरेगावच्या शिवारात वाड्यावर होते, परतीच्या वाटेला लागलेले. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तू घेतलं न्हाईस न्हवं? मग झालं. गुरुजी हाईत त्ये, इसरलं असतील. जा, पाया पड आन् याद करून दे." त्यांना तुमच्यावर शंका घेणं जमलंच नाही. मी पण तेच धरून बसले, की तुम्ही विसरला असाल. तुमच्या घरी आले, खरंच पाया पडले, आणि म्हणाले, सर, रथाच्या दिवशी, पिठलं-भाकरी, वाघूर, आठवतंय का? काकू ओट्याकडं तोंड करून उभ्या होत्या, त्या वळल्या नाहीत. तुम्ही म्हणालात, "हे बघ, सही तुझी आहे. मी आता काय करणार?"

हात वर केलेत, सर. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं. पैसे भरून भागणार नव्हतं, कारण ते पुस्तक बाजारात कुठंच नव्हतं. पुस्तक परत येईतो माझं कार्ड बंद, आणि कार्ड बंद म्हणजे नो ड्यूज नाही. नो ड्यूज नाही म्हणजे प्रबंध जमा करून घेत नाहीत. तो टाइप केलेला प्रबंध आजही माझ्या ट्रंकेत आहे. पुढच्या वर्षी तुमचं पुस्तक छापून आलं, सत्कार झाले. तुम्ही ऋणनिर्देशात विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे आभार मानले होते. मी ते पान कॉलेजच्या वाचनालयात उभ्यानं वाचलं आणि ठेवून दिलं. गावात कुणीतरी पसरवलं की पोरीनं विद्यापीठाचं पुस्तक लंपास केलं. आबा जत्रेला जायचे बंद झाले. तुमच्यासाठी ती वहीतली एक ओळ होती, माझ्या बापाला ती मरेपर्यंत पुरली.

मग मी बाहेरून ग्रंथालयशास्त्र केलं, दुसऱ्या विद्यापीठातनं. लोक विचारतात, या लायनीत कशा काय आलात मॅडम? मी सांगते, आवड होती. मुलं मला खडूस म्हणतात. एकाच्या कार्डावर दुसऱ्याला मी पुस्तक देत नाही, प्राचार्यांनी चिठ्ठी पाठवली तरी परत पाठवते, स्वतः या म्हणते. परवा एक मॅडम माझ्यावर भडकल्या, एवढा काय अविश्वास म्हणून. मी रजिस्टर पुढं केलं.

आता हे पुस्तक हातात आलंय तर समासात तुमची पेन्सिल आहे. बारीक, सुंदर अक्षर. वाघूरच्या ओवीपाशी तुम्ही अर्थ लिहिलाय, माझ्याच शब्दांत, आणि पुढं कंसात, माहिती : विद्यार्थिनी. पुढं आणखी पंधरा-वीस ठिकाणी तेच. विद्यार्थिनी. म्हणजे विसरला नव्हतात तुम्ही. कोण माहिती सांगतंय, कधी सांगतंय, कुणी आणून दिलंय, सगळं ठाऊक होतं. दुसऱ्याच्या हातात ते पुस्तक पडू नये एवढ्यासाठीच ठेवलंत ना? छापून झाल्यावर तरी परत करायचं होतं. पोस्टानं, नाव न घालता टाकलं असतंत तरी मला नो ड्यूज मिळालं असतं. रात्रंदिवस पुस्तकात राहणारा माणूस, एवढं सुचलं नाही तुम्हाला?

गेल्या गुरुवारी मी रजा काढली आणि पुस्तक पिशवीत घालून विद्यापीठात गेले. काय काय ठरवलं होतं! त्यांच्यापुढं पुस्तक ठेवायचं, वही काढायला लावायची, माझी ओळ खोडून घ्यायची, आणि हे कुणाकडं सापडलं ते लेखी द्यायचं. तुमच्या नावासकट. वाटेत तीनदा मनात पाठ केलं. आता तिथं सगळं बारकोडवर आहे. काउंटरवरच्या बाईंनी माझं नाव घालून बघितलं, मग आणखी एकदा बघितलं, आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या नावावर काहीच नाहीये. जुन्या वह्या वाळवीनं गेल्या, त्या केव्हाच रद्दीत दिल्या. तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेताय?" चांगल्या होत्या बाई, त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, पुस्तक ठेवून जा, पोच देते. मी उभी राहिले. पंचवीस वर्षं जे ओझं वाहिलं ते कुठं लिहिलेलंच नव्हतं. खोडायला ओळच नाही. आबांना आता कुठून बोलावून आणू आणि दाखवू, की बघा, काहीच नाहीये?

तुमची मुलगी रोज फोन करते, मॅडम, त्या चार ओळी झाल्या का? आज त्याच लिहायला बसले होते, त्या कागदावर हे झालं. हे मी तिला देणार नाही. तिचा यात काय दोष? तिला दुसरं काहीतरी साधं लिहून देईन, व्यासंगी, विद्यार्थिप्रिय, तुम्हाला शोभेल असं. पाटी लागेल. तुम्ही घाबरू नका.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही त्या दिवशी स्वयंपाकघरात मला जवळ बसवून नुसतं म्हणाला असतात, पोरी, मला हे पुस्तक अजून हवंय, थोडे दिवस ते तुझ्या नावावर घे, तर मी घेतलं असतं. प्रबंध गेला असता तरी घेतलं असतं. एवढी तुमची होते मी. तुम्ही विचारलंसुद्धा नाही.

आणि त्या बाईंना मी पुस्तक दिलं नाही. पिशवीत घालून परत घेऊन आले. आमच्या कॉलेजच्या नोंदीतही घातलं नाही, घरी आणलं. जेवण झालं की दोन-चार पानं वाचते. उद्या देऊन टाकीन म्हणते, पण दिलं तर तुम्ही माझं काय केलंत त्याचा एवढा एकच पुरावा हातातनं जाईल, म्हणून उचलवत नाही. त्या वहीत मी पुस्तक नेलं आणि परत केलं नाही असं लिहिलं होतं, सर. तेव्हा ते खोटं होतं.