पंखा उलटा बसला होता

प्रिय भाऊजी,

पत्र बघून म्हणाल, फोन असताना वहिनीला हे काय सुचलं. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. "दादा बरा आहे ना? बरं, जपा," एवढं एका दमात म्हणता आणि मोकळे होता. पत्र तसं मधेच ठेवून देता येणार नाही. दिलंत तर देवच बघून घेईल.

आधी मशीनचं सांगते. आजारानं तुमच्या दादांचे हात गेले, मग जीभ गेली. आता पलंगाशेजारी जेवणाच्या डब्याएवढा एक कॉम्प्युटर आहे, तोच त्यांचा आवाज. समोर पडद्यावर अक्षरं, खाली डोळे टिपणारा कॅमेरा. ज्या अक्षराकडे हे टक लावतात ते उमटतं, आणि वाक्य पुरं झालं की मशीन ते बोलतं. तुम्ही हे काहीच पाहिलेलं नाही. दादा चालतेबोलते होते तोवर तुम्ही दर सुट्टीला हजर असायचात. हात लुळे पडले आणि तुम्ही काढता पाय घेतलात. मला त्याचा राग आहे, लपवत नाही.

उन्हाळा लागला तसं हे मशीन तापून बंद पडायला लागलं. 'पाणी' म्हणायला जावं तर 'पा' वर पडदा काळा. तुमचा फोन आला की हे जिवाच्या आकांतानं एकेक अक्षर जमवायचे, इकडे तुमचं "हॅलो, हॅलो, दादा?" चालू. तेवढ्यात मशीन बंद, आणि तुमचा फोनही बंद. मग ह्यांचे डोळे भरून यायचे, आणि ते स्वतःला पुसताही येत नाहीत.

दुकानवाला म्हणाला, ठेवून जा, आठवड्यानं बघू. नवऱ्याचा आवाज आठवडाभर दुकानाच्या फळीवर ठेवून यायचा? मी तशीच परत आले. मग ह्यांनीच मनावर घेतलं. फ्रिज आणि एसी दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस तो, घरात काही तापतंय हे त्याला कसं सहन होणार! पण अडचण अशी की मशीन उघडायचं तर बंद करायला हवं, आणि बंद केलं की हे मुके. म्हणून काय काय करायचं ते ह्यांनी आधीच मला सांगून ठेवलं. दोन शब्द बोलायचे, मशीन बंद, ते निवेपर्यंत वाट बघायची, पुन्हा दोन शब्द. पहिला हुकूम होता, कव्हर काढ. धूळ बसू नये म्हणून मी हौसेनं क्रोशाचं कव्हर विणून घातलं होतं, पूर्वी टीव्हीला घालायचो तसं. ऐन उन्हाळ्यात बिचाऱ्याला स्वेटर.

दुपारी पलंगावरच, ह्यांच्या मांडीशी टॉवेल पसरून मी ते उघडलं. आत चादरींच्या धाग्यांचा नुसता नमद्यासारखा जाड थर झालेला. चिपवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट सुकून खडूसारखी. ती पुसली, नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढीच, कारण जास्त लावशील म्हणून ह्यांनी आधीच बजावलं होतं. मग मशीन चार बाटल्यांच्या झाकणांवर उचलून खाली छोटासा जादा पंखा बसवला. डोळे वर केले की हो आणि मिटले की नाही, अशी आमची खूण आहे. पंखा बसवला आणि ह्यांनी डोळे मिटले, गच्च. मला वाटलं, दमले. मी पांघरूण घातलं, पडदा ओढला आणि पाऊल न वाजवता बाहेर आले. तो माणूस आत 'नाही, नाही, नाही' म्हणून ओरडत होता, भाऊजी, आणि मी त्याला झोपवत होते.

संध्याकाळी सुरू केलं तर मशीन आधीपेक्षा लवकर बंद. मी ढसाढसा रडले. निवल्यावर ह्यांनी एवढंच लिहिलं, 'पंखा उलटा'. मग 'कागद धर'. तुम्हाला हे सांगायला नको, तुम्ही दादांच्याच हाताखाली शिकलात. कागदाची पट्टी धरून बघितली तर हवा वर जायच्या ऐवजी खाली ओढली जात होती. पंखा फिरवून बसवला. चहा झाला, जेवणं झाली, मशीन चालूच. हात लावला तर जेमतेम कोमट. ह्यांनी तुमची आठवण काढून लिहिलं, 'बारक्यानंही पहिला उलटाच बसवलेला', आणि हसले. ह्यांचं हसू आता डोळ्यांच्या कडेलाच तेवढं दिसतं.

मला वाटलं, आता गप्पा होतील. पण ह्यांना मशीन हवं होतं ते वेगळ्याच कामासाठी. परवा डॉक्टर आले होते. श्वास कमी पडतोय, गळ्याला भोक पाडून नळी बसवायची की नाही ते आता ठरवा म्हणाले. "बसवाच," असं तुम्ही मागेच फोनवर एका शब्दात सांगून टाकलं होतंत, आणि मीही होच म्हणणार होते. ह्यांनी डॉक्टरांना थांबवून घेतलं आणि एकेक अक्षर वेचून सगळं बोलून दाखवलं. 'नळी नको. मी पूर्ण विचार केलाय. हिला कुणी बोल लावू नका.' मशीन एकदाही अडखळलं नाही. खरं सांगते, ते बंद पडावं म्हणून मी मनात देवाचा धावा करत होते. आणि गार केलं होतं मीच, माझ्या ह्या हातांनी.

आता फार दिवस नाहीत. काल ह्यांनी तुमच्यासाठी लिहायला घेतलं. 'बारक्या, तू' एवढं लिहिलं आणि थांबले. मी घाबरून मशीनला हात लावला. गार होतं. पुन्हा लिहिलं आणि पुन्हा तिथंच थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'पुढचं तो समोर असताना.' म्हणून हे पत्र. मशीन आता बंद पडत नाही, भाऊजी. फक्त त्यांना वेळ लागतो, तेवढा वेळ जवळ बसा. या.

तुमचीच,
वहिनी