वरपक्षाची माघार

सिहोरा, ता. १८ जानेवारी १९८४

रा. रा. भोजराजजी व्याहीबुवा यांच्या सेवेशी,

सिहोऱ्याहून श्यामरावचा दोन्ही हात जोडून, टोपी काढून आणि पुन्हा घालून नमस्कार. आपले गुडघे या थंडीत कसे आहेत? विहीणबाई आनंदाबाईंचा खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? जावईबापू वेळेवर जेवतात ना? आपले भांड्याचे दुकान, त्यातले गुंड, गंगाळे, पराती आणि मागच्या खोलीतली आपली पितळी फौज सुखरूप असावी, अशी प्रार्थना आहे. आमच्याकडे सगळे क्षेम. धान घरात आले, बांध्यांत लाखोळी फुलावर आहे आणि मला निवृत्त होऊन तीन वर्षे झाली तरी शाळेतली पोरे रस्त्यात दिसलो की चित्रकलेची वही मागे लपवतात, त्यामुळे तब्येतही चांगली राहते.

सुरुवातीलाच सांगून टाकतो की चंद्रकलेला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी कधी पाठवणार, याबद्दल या पत्रात मी एक अक्षरही लिहिणार नाही. सातवा लागला हे आपल्यालाही ठाऊक आहे. मागच्या महिन्यात मी तिला घ्यायला स्वतः भंडाऱ्याला आलो होतो, आपण चहा पाजलात, पोहे दिलेत आणि 'पाहू' म्हणालात. 'पाहू' हा शब्द मी बसमध्ये तुमसरपर्यंत उलटसुलट करून पाहिला, पण त्यातून तारीख काही निघाली नाही. (फौजेच्या खोलीचे दार त्या दिवशी बंद होते, हे मी पाहिले. बोललो नाही.) असो. हे पत्र शुद्ध लढाईविषयी आहे. पुढच्या डावासाठी रणभूमी कोणती घ्यावी आणि नियम कोणते लावावेत, एवढेच आपल्याला विचारायचे आहे.

आता मागचा इतिहास आपल्याला पाठ आहे, तरी लिहितो, कारण चूक कुठे झाली हे त्यातच आहे. आपल्या लक्षात असेल, लग्नाच्या पंगतीत मी आपल्याला सांगितले होते की रद्दीत मला एक इंग्रजी मासिक मिळाले आणि त्यात विलायतेतले पांढऱ्या मिशांचे गृहस्थ टेबलावर डोंगर-नद्या मांडून, बोटाएवढे शिपाई उभे करून, फासे टाकून जुन्या लढाया पुन्हा लढतात असे फोटो आहेत. बाकीचे वऱ्हाडी जिलबीकडे पाहत होते. आपण एकटे माझ्याकडे पाहत होता. मी तीस वर्षे शाळेत दिवाळीचा किल्ला केलेला माणूस, मला जन्मात असा श्रोता मिळाला नव्हता. पोरीला घर चांगले मिळाले अशी माझी खात्री पटली ती त्या पंगतीत, पत्रिका जुळल्या तेव्हा नव्हे. पुढच्याच महिन्यात आपण आपल्या कारागिराकडून पितळेचे चाळीस शिपाई, बारा घोडे आणि एक हत्ती ओतून घेतला. मी कुंभाराकडून मातीचे करवून घेतले. लढाई सीताबर्डीची ठरली. भोसल्यांची फौज आपली, कारण वराकडचे आपण, आणि टेकडीवरचे इंग्रज माझे, कारण दुसरे कोणी इंग्रज व्हायला तयार नव्हते. इतिहासात ती लढाई इंग्रजांनी जिंकली, हे आपल्याला आणि मलाही माहीत होते. पण मुलीकडचे इंग्रज जिंकणार कसे? पहिल्या तिन्ही डावांत मी इतिहास बदलला आणि व्याह्यांचा मान राखला.

रणभूमीचे म्हणाल तर पहिली टेकडी मातीची होती. ती ओली असताना आपले पितळी घोडे गुडघ्यापर्यंत रुतले, वाळल्यावर तिला भेगा पडल्या आणि आमच्या कोंबडीने एका भेगेत अंडे घातले. (ते अंडे टेकडी घेणाऱ्या पक्षाचे, असा निवाडा आपणच दिला होता.) दुसरी टेकडी मी शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढली. मेणाच्या कागदावर सुईने उतार, झुडपे, दगड कोरले, सहा कागद छापले, ते कापून, घड्या घालून, खोक्यांच्या पुठ्ठ्यावर लईने चिकटवले. दिसायला सुरेख! अगदी मासिकातल्यासारखी. पण आपला हत्ती चढला आणि टेकडी बसली. माझे अकरा मातीचे इंग्रज एकही फासा न पडता जागच्या जागी मेले. नंतर लईच्या वासाने उंदीर आले आणि त्यांनी नाग नदी वरून खालपर्यंत खाल्ली.

म्हणून तिसऱ्या खेपेला मी तुमसरला बाबुलालच्या छापखान्यात गेलो. तो लग्नपत्रिका छापतो. जाड कार्डावर टेकडी छापून दे म्हटले, तर त्याने एवढेच विचारले, "मास्तर, मुलाकडचं का मुलीकडचं?" मी म्हटले, टेकडी आहे. तो बरे म्हणाला. लगीनसराई चालू होती, त्याच्या यंत्रावर शाई होती ती लाल आणि पिवळी. त्यामुळे आपली रणभूमी हळदीची, नदी कुंकवाची आणि प्रत्येक उताराच्या डोक्यावर गणपती, कारण गणपतीचा ठसा काढून ठेवायचा त्याला धीर झाला नाही. टेकडी मात्र भक्कम. हत्ती चढला, उभा राहिला, हललीसुद्धा नाही. त्याच कार्डावर मी लढाईचे नियमही छापून घेतले आणि इथेच घात झाला.

मी लिहिले होते: 'वरच्या पक्षास एक फासा जास्त मिळावा.' वरचा म्हणजे टेकडीवर उभा असलेला, हे कोणत्याही शिपायाला कळेल. पण बाबुलालच्या जुळाऱ्याने सबंध आयुष्यात लग्नपत्रिकांशिवाय काही जुळवले नाही. त्याने छापले: 'वरपक्षास एक फासा जास्त मिळावा.' आणि जिथे जिथे मी 'खालचा पक्ष' लिहिले होते तिथे तिथे त्याने माझी चूक सुधारून 'वधूपक्ष' केले. म्हणजे टेकडीवर मी, आणि जास्तीचा फासा खाली उभ्या असलेल्या आपल्याला. आपण कार्ड वाचलेत, चष्मा पुसलात, पुन्हा वाचलेत आणि म्हणालात, "छापलं तं बराबरच हाय. वरपक्षाचा मान हाय ना तो." आता लपवत नाही, व्याहीबुवा, चूक मी प्रूफातच पाहिली होती. पाहून गप्प बसलो. तीन डाव मी माझे शिपाई मुद्दाम वाकडे चालवून हरलो होतो, त्यात फार मेहनत पडते. म्हटले, आता नियमानेच हरू, डोक्याला त्रास नाही. पण अंगात घाई फार, म्हणून शेवटचा नियम मी वाचलाच नाही.

पाडव्याला आपण सगळे दिवाळीसाठी सिहोऱ्याला आला होता, तेव्हाचा प्रसंग मी पुन्हा उगाळणार नाही. फक्त एवढेच की आपली फौज टेकडीच्या माथ्याशी पोचली होती, माझे सात इंग्रज उरले होते आणि मी मनातल्या मनात शरणागतीचे भाषण तयार करत होतो. तेवढ्यात फासे सारखे पडले. चंद्रकला बाजूला बसून नियमाचे कार्ड वाचत होती, तिने मोठ्याने वाचले: 'फासे सारखे पडल्यास वरपक्षाने एक वीत मागे सरावे.' (मी लिहिले होते वरच्या पक्षाने. ते मी होतो.) आपण एक वीत मागे सरलात. फासे पुन्हा सारखे पडले. पुन्हा एक वीत. तिसऱ्यांदा मी फासा हातात घोळवून, डोळे मिटून, कुलदैवताला सांगून टाकला आणि तोही सारखाच पडला. आपली सगळी फौज कुंकवाच्या नदीपलीकडे गेली, टेबल तिथेच संपत होते आणि आपला हत्ती खालच्या चिवड्याच्या परातीत पडला. सगळे हसले. हसायला नको होते. आपण उठलात आणि म्हणालात, "मुलीवाल्याच्या घरी येऊन वरपक्ष मांगं सरते, असं तुमी कुठी आयकलं हाय काय?" मी घाबरून आत गेलो आणि आपली समजूत काढायला टॉवेल, टोपी, नारळ घेऊन आलो. जिंकलेल्याने हरलेल्याला आहेर करायचा नसतो, हे मला आपला चेहरा पाहून कळले.

तर आता प्रश्न असा. रणभूमी हळदीचीच ठेवावी, की मी नव्याने सायक्लोस्टाइलवर काढून आत लाकडाचे ठोकळे घालू? की आपण भंडाऱ्यात पत्र्याची टेकडी ठोकवून घ्याल? नियमांत 'वरपक्ष' तसाच ठेवून फक्त मागे सरण्याचे कलम वधूपक्षाकडे द्यावे, अशी माझी सूचना आहे. मग आपण कोणत्याही परिस्थितीत हरू शकणार नाही. बाबुलालला मी हे सांगितले तर तो म्हणाला की पत्रिकेत असेच असते. आपण जे निवडाल ते मला मान्य. इंग्रजही मीच होईन, यापुढे कायमचा. थोरामोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
श्यामराव

ता. क. वर लिहिले ते सगळे खरे, पण ते वाचले नाहीत तरी चालेल. व्याहीबुवा, माझ्या जिंकण्याचा राग माझ्यावर काढा, चारचौघांत काढा, पण पोरीला पाठवा. मला तिची फार आठवण येते. तिच्यासाठी खोली सारवून, चुना मारून तयार आहे. आपण म्हणाल तर दसऱ्याला पारावर उभा राहून सांगेन की पाडव्याची लढाई आपण जिंकली.

दुसरा ता. क. पाकीट बंद करत होतो तर टपालवाल्याने चंद्रकलेचे पोस्टकार्ड आणून दिले. ते वाचून मी खाटेवर बसलो तो अर्धा तास उठलो नाही. ती लिहिते की मामंजी रागावलेले नाहीत. दिवाळीपासून रोज दुपारी दुकानाला कुलूप लावून ते तिच्याशी सीताबर्डी खेळतात, आणि उपड्या गंगाळाच्या टेकडीवर ती असते. अडीच महिन्यांत ते एकदाच जिंकले, तेही तिला मळमळले म्हणून डाव अर्धवट सुटला तेव्हा. ती माहेरी गेली तर समोर बसणार कोण, म्हणून त्यांचे 'पाहू' चालले आहे. व्याहीबुवा! मी इकडे अन्न गोड लागत नाही म्हणून वाळत चाललो आणि आपण तिकडे माझ्या गरोदर पोरीकडून रोज मार खात बसलात! पारावरचे माझे बोलणे मी परत घेतो. पोरीबरोबर आपणही या, फौज घेऊन या, बाळाच्या बारशापर्यंत राहा. मीही टेकडीच्या कडेला बसून पाहीन, तिने हे कोणाकडून शिकले ते मला पाहायचे आहे, कारण माझ्याकडून तर नाही.

तिसरा ता. क. (हे चंद्रकलेच्या आईचं, गिरजाबाईचं अक्षर हाय.) इवाईबुवायले नमस्कार. पत्र पेटीत टाकाले यायनं माह्याजवळ देलं, म्हणून मी वाचलं. मी अन् इहीनबाईनं मागच्या पुनवेलेच सारं ठरवलं हाय. शनवारी दोन वाजताच्या बसनं चंद्रकला इहीनबाईसंग येऊन रायली. तुमाले अन् यायले सांगतलं नाई, कारन तुमी दोघं मंधात पडले असते तं तारीख निंगाली नसती. अन् हे चार दिवस पत्र लिवत बसले, तं घरात लय शांत होतं, मले खोली सारवता आली. इवाईबुवा, तुमी आले तं आनंदच हाय, पन टेकडी आता नाई. बाळंतिनीच्या खोलीची खिडकी फुटकी होती, हवा येत होती, तं ते हळदीचं कारड मी चारी बाजूनं ठोकून देलं. गनपती आतल्या अंगानं ठेवला. पत्र शनवारच्या आंदी भेटलं तं पोरीले वाचाले द्या. माही आई म्हने, सातव्या महिन्यात पोरीले पोटभर हासू द्यावं.