सासऱ्यांच्या गाडीचं टायमिंग

३ तारीख, शनिवार. सकाळ.
सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस अकराला. त्या दिवशी त्यांना सासऱ्यांच्या जुन्या गाडीतून तळ्यापर्यंत न्यायचं, असं बायकोच्या मनात आहे. सासरे गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, गाडी आमच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवली आहे. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, अर्ध्या तासाचं काम, आणून सोडा. मी नको म्हटलं. घरात माणूस असताना बाहेरचा कशाला?

सायंकाळ.
गाडी सुरू झाली, पण चढावर दम खाते. निदान : इग्निशन टायमिंग. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे. साहेबांच्या विनोदावर हसण्यासारखंच आहे. फार आधी हसलो तर घोटाळा, उशिरा हसलो तर बढती गेली. मी या क्षेत्रात तीस वर्षं काढली आहेत.

४ तारीख, रविवार.
टायमिंग लाइट आणला. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरखालचा बोल्ट सैल केला, डिस्ट्रिब्युटर हाताने जरासा फिरवला, आणि लाइटच्या लखलखाटात पुलीवरची खूण बरोब्बर आठ अंशांवर उभी! बायकोने विचारलं, झालं का? म्हटलं, हे ‘होत’ नसतं, साधावं लागतं.
दुपारी चौकापर्यंत झोकात गेलो. येताना सायलेन्सरमधून बार उडाला. समोरच्या कर्नलांच्या हातातला कप फुटला. कारण उघड आहे : जुनं पेट्रोल.

६ तारीख, मंगळवार.
नवं पेट्रोल. पुन्हा आठ. एक फेरी मारून आलो, तर तीन! इंजिनाचं वय झालंय. या वयात माणसंही मागे सरकतात.

७ तारीख, बुधवार.
आठ लावले, शून्य झाले. कर्नलांनी माफी स्वीकारली, पण चहा आता ते आत बसून पितात.

९ तारीख, शुक्रवार.
अफलातून कल्पना! मागेच सरकणार असेल तर आधीच चौदा लावून ठेवायचं. घसरून आपोआप आठवर येईल. हे कुठल्याही पुस्तकात नाही.

१० तारीख, शनिवार.
पुस्तकात नाही त्याला कारण आहे. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. बायको म्हणाली, टॅक्सी सांगू या. मी बाणेदारपणे म्हणालो, सांग.

११ तारीख, रविवार. रात्री ८.
दुपारी सासूबाई आल्या. टॅक्सी दारात उभी, आणि या थेट गॅरेजात. मला वाटलं, गाडीला हात लावून डोळे पुसतील. त्या म्हणाल्या, “बॉनेट उघडा.”
डिस्ट्रिब्युटर धरून हलवला. तो सैल दातासारखा हलला.
“बोल्ट कुणी आवळायचा होता?”
मी म्हणालो, टायमिंग चालू असताना आवळायचा नसतो. त्या म्हणाल्या, “झाल्यावर?”
मग कळलं. सासऱ्यांना नीट ऐकूच यायचं नाही. ते फिरवायचे, या ऐकायच्या. नेमका आवाज आला की त्यांच्या खांद्यावर टिचकी. चाळीस वर्षं असंच. टायमिंग लाइट कधी घरात आलाच नाही.
इंजिन चालू करून मी फिरवायला लागलो, त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग माझ्या खांद्यावर टिचकी पडली. “बस्स. आता आवळा.” डोळे मात्र त्यांनी लगेच उघडले नाहीत.
बायकोने टॅक्सी परत पाठवली.
तळ्याच्या काठी सासूबाई बायकोला हळूच म्हणाल्या, “जावई बरे आहेत. थांबा म्हटलं की थांबतात. तुझे बाबा आणखी थोडं फिरवायचेच.” म्हणजे तांत्रिक शिस्तीत मी सासऱ्यांच्या पुढे, हे आता अधिकृत झालं.
येताना गाडी बायकोने चालवली, सासूबाई तिच्या शेजारी. मी मागे, केकचा खोका मांडीवर घेऊन. इंजिन किती गोड वाजतंय, असं दोघी वाटभर म्हणत होत्या. मी पुष्कळ कान दिला. मला नेहमीसारखंच वाटलं.