मला न आलेला ताप

प्रिय ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या अक्षरांतच वाकतो.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे मजेत आहेत. मी तेवढा महिनाभर जळून अर्धा झालो होतो.

झालं असं, की आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात मालकांनी सगळ्यांना फ्लूची लस देण्याची सोय केली. पुठ्ठे कापणारा आणि मी एकाच बाकावर बसून, एकाच नर्सबाईंकडून, पाच मिनिटांच्या अंतराने टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याला ताप आला आणि मी ठणठणीत. (दंड दाबदाबून पाहिला. दाबल्यामुळे दुखला तेवढाच.) त्याला दोन दिवस सुट्टी मिळाली, मालकांनी घरी फळं पाठवली, आणि तो परत आला तेव्हा शिलाईवाल्या बायकांनी त्याला पाठीची खुर्ची दिली. ती खुर्ची मी चार वर्षं मागतोय. वर हा गडी सगळ्यांना सांगत सुटला, की त्याच्या शरीराने जोरदार झुंज दिली, म्हणजे लस त्याला चांगली लागली; काहींना (इथे माझ्याकडे नजर) ती लागतच नाही. माझ्या पोटात इतकं दुखलं, की दंडाची कसर भरून निघाली.

मी तडक दवाखाना गाठला आणि नर्सबाईंना म्हटलं, मला बहुतेक बाटलीच्या तळाचं पाणी मिळालंय, दुसरी सुई द्या. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि मला बसवून समजावलं. या लशीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात. ते आजार देऊ शकत नाहीत, फक्त शरीराला त्याची ओळख करून देतात. मग शरीर त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तयार करतं आणि काही पेशी ती ओळख लक्षात ठेवतात, म्हणजे खरा विषाणू आला की तयारीला वेळ लागत नाही. या सगळ्याला दोनेक आठवडे लागतात.

"ताप आला तरी हे काम चालतं, नाही आला तरी चालतं," त्या म्हणाल्या. "तुमचं शरीर गाजावाजा न करता काम करतंय, एवढंच."

एवढं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं. घरी येऊन मी ते बायकोला तीनदा ऐकवलं. शरीराकडून मीही थोडं शिकावं, असं तिचं म्हणणं पडलं.

महिन्याभराने कारखान्यात फ्लू शिरला. पुठ्ठेवाला एक दिवस शिंकला, मला काहीच झालं नाही. खळ लावणारे काका मात्र लशीच्या दिवशी गोदामात लपून बसले होते. ते बारा दिवस अंथरुणावर होते. मी भेटायला गेलो तर भिंत धरत दारापर्यंत आले आणि पाण्याचा एक पेला तीनदा थांबून प्यायले. उशाशी फळांची टोपली होती, मालकांचं पत्रही होतं. ताई, आजारी माणसाचा हेवा न वाटण्याची ही माझी पहिलीच वेळ.

बाकी क्षेम.

तुझा धाकटा

ता. क. सध्या तुझ्याकडे राहणारे आपले बाबा लस घ्यायला नाही म्हणतात, असं भावोजी फोनवर म्हणाले. आमचे खळवाले काका बाबांच्याच वयाचे आहेत. बाबांना या आठवड्यातच लस टोचायला घेऊन जा.

आणखी एक. मी सांगितलं असं म्हणू नकोस, माझं त्यांनी कधीच ऐकलेलं नाही. तुझं पहिल्या शब्दाला ऐकतात. यावरून मी लहानपणापासून तुझ्यावर जळत आलोय. आता तो शब्द टाक.