कचऱ्याचं निव्वळ वजन

रविवार, २ मार्च. सकाळी ९.४०

लेकीच्या शाळेतून नवा गृहपाठ. 'कमी कचरा सप्ताह'. घरातला कचरा रोज संध्याकाळी सात वाजता तोलायचा. ओला, सुका, इतर असे तीन रकाने. रोज एक फोटो. शेवटी घोषवाक्य. तळाशी बारीक अक्षरांत: प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः करावा, पालकांनी फक्त सही करावी.

म्हणजे पाचवीतल्या पोरीने तोलायचं आणि बापाने बघत बसायचं. बाप कोण? या बाजारातले निम्मे वजनकाटे ज्याच्या हाताखालून जातात तो. पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात वजनांवरचा गंज घासत होतो. आज स्वतःचं दुकान आहे, आणि माझा हात फिरलेला काटा एक ग्रॅम इकडचा तिकडे होत नाही.

वर्गात ज्या दोन घरांचा कचरा सर्वांत कमी, त्या दोन मुलांना वेधशाळेच्या सहलीत जागा. तिथे मोठी दुर्बीण आहे. लेकीला शनीची कडी बघायची आहे. चार महिने घरात दुसरा विषय नाही. जेवताना शनी, वेणी घालताना शनी.

संकल्प: आठवड्याचा एकूण कचरा अर्ध्या किलोच्या आत. इतर बापांना जमणार नाही, कारण त्यांना वजन म्हणजे काय ते माहीत नाही.

बायको म्हणाली, तुम्ही काटा बघा, कचऱ्याचं आम्ही बघतो. आकड्यांचं गांभीर्य तिला नाही.

सोमवार, ३ मार्च. संध्याकाळी ७.१५

१ किलो ६४० ग्रॅम. एका दिवसात. आठवड्याचा संकल्प तीन वेळा पार.

काटा तपासला. बरोबर आहे. मग कचरा तपासला. बटाट्याची सालं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, ब्रेडचा कागद. या दोघी फार सांडतात. लेक बाल्कनीत चंद्र गिरवत बसली होती. तिला म्हटलं, आधी आकडा लिही. तिने लिहिला. पेनाने. पेन्सिलने लिही म्हणायला हवं होतं.

चोथा हातात घेतल्यावर खरी गोम कळली. ओल्या कचऱ्यात पाणी किती असतं. पाणी हा कचरा आहे का? नाही. उद्यापासून निव्वळ वजन.

मंगळवार, ४ मार्च. दुपारी २.००

दुकान बंद करून जेवायला आलो तो थेट गच्चीत. सकाळी वर्तमानपत्रावर सगळा ओला कचरा वाळत घातला होता. चोथा उत्तम वाळला आहे. सालं आक्रसली आहेत. विज्ञान.

एक कावळा साल घेऊन गेला. कावळ्याने नेलेलं आपल्या खात्यात धरत नाहीत.

संध्याकाळी ७.२०

कावळ्याने ते साल खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर टाकलं. काकू सुपलीत भरून ते परत द्यायला आल्या. म्हणाल्या, तुमचं काहीतरी उडून आलं, महत्त्वाचं असेल. सुपलीत त्यांची स्वतःची लसणाची टरफलंही होती. मी ती वेचून वेगळी केली आणि त्यांना परत केली. दार जरा जोरात लावलं त्यांनी.

आज ६१० ग्रॅम. दुधाच्या पिशवीचं वजन वजा केलं. ती पिशवी डेअरीने तयार केली, आम्ही नाही. टूथपेस्टची ट्यूब वजा. बायकोने विचारलं, आणि मला कधी वजा करणार? हसण्यावारी नेलं.

बुधवार, ५ मार्च. रात्री ८.००

घरात नवे नियम. बटाटे सालासकट. केळी बंद. चहा एकदाच गाळायचा, चोथा पुन्हा उकळायचा. (माझा चहा सोडून. मला कामावर डोकं लागतं.)

सगळं सुरळीत चाललं होतं. एवढ्यात मेहुणी आली, कलिंगड घेऊन. चार किलो तरी असेल. मी दारातच तिला समजावलं की फळ तुझं आहे, साल आमचं होईल, तेव्हा तू साल परत नेणार असशील तरच आत ये. ती म्हणाली, ताई, यांना ताप आहे का. बायको म्हणाली, नाही, गृहपाठ आहे.

कलिंगड कापलं गेलं. मी पांढरा भागही खाल्ला, सालाच्या हिरव्यापर्यंत. आता पोटात गुडगुडतं आहे. तरी सालं उरलीच. ती सध्या माझ्या स्कूटरच्या डिकीत आहेत. डिकी घरात येत नाही.

आज ४५५ ग्रॅम. आलेख खाली जातोय. लेक मात्र म्हणाली, बाबा, यात कलिंगड दिसत नाही. तिला सांगितलं, मोठं झाल्यावर कळेल.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी ७.३०

डिकीतला माल कोपऱ्यावरच्या सार्वजनिक पेटीत टाकायला गेलो. बरोबर घरातली एक पिशवीही घेतली. लेकीच्या कपाटावर माझ्याच दुकानाच्या जुन्या बिलांचा गठ्ठा सापडला होता, पाठीमागे काहीतरी गोल गोल रेघोट्या. ३४० ग्रॅम सुका. फार दिवसांचं साठलेलं.

पेटीपाशी लेकीच्या वर्गातल्या मुलांचे पाच पालक. दातांचे डॉक्टर इस्त्रीच्या शर्टात, हातात लॅपटॉपची बॅग, बॅगेतून शेवग्याची शेंग डोकावत होती. त्यांनी विचारलं, फिरायला? म्हटलं, फिरायला. बँकेतल्या बाई दोन पिशव्या घेऊन झाडाकडे बघत उभ्या होत्या. त्यांनाही विचारलं, फिरायला? त्या म्हणाल्या, हो, सकाळची हवा चांगली. पेटीचा वास असा होता की हवा चांगली म्हणायला धैर्य लागतं. कोणीच पेटीत काही टाकेना, कारण सगळे बघत होते.

तेवढ्यात कचरागाडीवरच्या बाई आल्या. म्हणाल्या, या आठवड्यात साहेब लोक स्वतः खाली उतरायला लागलेत, बरं वळण आहे. मग माझी पिशवी उघडून बघितली आणि परत हातात दिली. कागद आणि कलिंगड एकत्र कोण टाकतं, वेगळं करून आणा, म्हणाल्या. डॉक्टर खोकले.

लोकांच्या मनाची मला कीव येते. चोरून कचरा टाकायचा आणि मुलांच्या हाती खोटे आकडे द्यायचे. मी तसं करणार नाही. मी माझा कचरा माझ्याच दुकानात ठेवणार. दुकानाचा कचरा हा व्यवसायाचा कचरा. गृहपाठ घराचा आहे.

संध्याकाळी: १४० ग्रॅम.

शुक्रवार, ७ मार्च. संध्याकाळी ७.४५

८४ ग्रॅम. लेकीने आकडा लिहिण्याआधी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, शनी दिसेल ना रे बाबा? म्हटलं, कडीसकट.

दुकानात थोडी अडचण. मागच्या खोलीतलं कचऱ्याचं पिंप झाकलेलं असूनही माशा. किराणावाला काटा दुरुस्तीला घेऊन आला, म्हणाला, वजन बरोबर आहे, वास जरा जास्त भरतोय. ते तसं विशेष काही नाही.

पण दुपारी सराफ आला. त्याचा सोनं तोलायचा काटा, जिथे श्वास लागला तरी आकडा हलतो. मी काट्याभोवतीच्या खोक्याचं काचेचं दार उघडलं, वजन ठेवलं, आणि पारड्यावर एक माशी येऊन बसली. आकडा बदलला. ती उडाली, तो खाली आला. दुसरी बसली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी सराफाला म्हणालो, साधारण बरोबर आहे. त्याने काटा उचलला, रुमालात गुंडाळला, घेऊन गेला.

माशी सुमारे बारा मिलिग्रॅमची असते. हे मात्र कळलं.

शनिवार, ८ मार्च. दुपारी ३.१०

लेक शाळेतून सरळ दुकानात आली. म्हणाली, फोटो काढायला चांगला काटा हवा. मी म्हटलं, मागच्या खोलीत जाऊ नकोस. असं म्हणायला नको होतं.

तिने पिंपाचं झाकण काढलं. मी निव्वळ वजन म्हणजे काय ते समजावून सांगितलं, डेअरीची पिशवी सांगितली, घर आणि व्यवसाय यातला फरक सांगितला. तिने हात घालून बिलांचा गठ्ठा वर काढला. चहाने तपकिरी झालेला. रेघोट्या म्हणजे चंद्र होते. रोजचा एक. कोर, अर्धा, पाऊण. तारीख प्रत्येकावर. चार महिन्यांचे. वेधशाळेत दाखवायचे होते म्हणे.

तिने विचारलं, बाबा, चंद्र कुठल्या रकान्यात लिहू? ओला की सुका?

मी म्हटलं, आता तसा ओलाच. खरं तर गप्प बसायला हवं होतं.

मग तिने मोठा काटा मोकळा करायला सांगितला. आम्ही दोघांनी पिंप चढवलं. रिकाम्या पिंपाचं वजन मी वजा केलं, ते तिने करू दिलं. ७ किलो ३८०. तिने तक्त्यात नवा रकाना आखला आणि वर लिहिलं: बाबांनी दुकानात नेलेला. मी म्हटलं, पाण्याचे निदान दोन किलो. ती लिहीत राहिली. मी म्हटलं, अगं, सहल जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. खालमानेने. डोळे पुसले ते मला दिसू नये म्हणून बाहीने, घाम पुसल्यासारखे.

मी सही केली. पालकांनी फक्त सही करायची होती.

सोमवार, १० मार्च. दुपारी १२.३०

शाळेत सगळे तक्ते भिंतीवर. पालकांना बोलावलं होतं. आठवड्याचे आकडे: २१२ ग्रॅम. ९० ग्रॅम. डॉक्टरांचे शून्य. पुढे घोषवाक्य: जिथे स्वच्छता तिथे हास्य. आमचे, शनिवार-रविवारचे खरे आकडे धरून, १३ किलो २३९. घोषवाक्याच्या जागी काही नाही. गर्दी आमच्याच तक्त्यापुढे. रकान्याचं नाव लोक मोठ्याने वाचत होते.

विज्ञानाच्या बाई शांतपणे म्हणाल्या, चाळीस घरांची बेरीज केली, त्यातला बहुतेक कचरा एकाच घरातून आला आहे. बाकीच्या घरांत माणसं जेवत नसावीत. तेव्हा नियम बदलते. जो तक्ता खरा वाटतो, त्याला जागा. असा एकच आहे. दुसरी जागा रिकामी ठेवू.

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही फारच पुढचा विचार करता. मी मान हलवली. तसं म्हणायला हरकत नाही, मार्गदर्शन माझंच होतं.

लेकीच्या वहीत शेरा: माहिती विश्वासार्ह. पालकांनी मदत कमी करावी.

प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक माणूस नेता येतं. घरी येताना मी सहज म्हटलं, दुर्बिणीखालच्या पायांची पातळी बघायला अनुभवी माणूस असलेला बरा. लेक म्हणाली, आईला विचारलंय मी, ती हो म्हणाली.

दुकानही सोडून चालत नाही तसं.

रविवार, १६ मार्च. संध्याकाळी ७.००

सकाळी दोघी गेल्या. उद्या परत. जाताना लेकीने नव्या कागदांचा गठ्ठा बॅगेत घातला, माझ्याकडे न बघता. मग परत दारात आली आणि म्हणाली, बाबा, कडी काढून आणते तुझ्यासाठी.

दिवसभर घरात एकटा. घर किती स्वच्छ राहतं ते एकदा शास्त्रोक्त बघावं म्हणून सात वाजता घरातली कचरापेटी तोलली. सप्ताह संपला आहे, कोणी मागितलेलं नाही. सहा चहांचा चोथा. बाहेरून मागवलेल्या जेवणाचे चार डबे, दोन कागदी पिशव्या. पाच संत्र्यांची सालं. अर्धा ब्रेड, कडा काढलेल्या.

१ किलो १०५ ग्रॅम. तिघांचा मिळून दिवसाला होत होता दीड किलो.

काटा तपासला. प्रमाण वजनं ठेवून पुन्हा तपासला. मग खाली उभा राहून, डोळे आकड्याच्या रेषेत आणून, तिसऱ्यांदा तपासला.

काटा बरोबर आहे.