आमेन म्हणेपर्यंत

मामंजी, प्रभूमध्ये सलाम.

तुम्ही चर्चचे पाळक, म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा माझा ओठ फुटला तेव्हा तुमच्याकडेच आले होते. तुम्ही म्हणालात, "पोरी, गुडघे टेक आणि बळ माग." मी रोज मागत राहिले. तुमच्या मुलाच्या ते पथ्यावरच पडलं. गुडघे टेकलेल्या बाईच्या झिंज्या आयत्याच हाताशी येतात.

काल त्याने प्रार्थना चालू असतानाच माझं डोकं पलंगाच्या कडेवर आपटलं. रक्त डोळ्यांत उतरलं. त्याने पुन्हा हात उचलला, तेव्हा मी मनगट धरलं. इस्पितळाच्या धोबीखान्यात दिवसभर ओल्या चादरी पिळते मी, मामंजी. हातही तसाच पिळला. हाड मोडल्याचा आवाज आला. "सोड, बये!" तो गुरासारखा ओरडत होता. पण प्रार्थना अर्धी टाकायची नाही, ही तुमचीच शिकवण. मी ती मोठ्याने, सावकाश पूर्ण केली. "आमेन," मी म्हटलं. लहानपणापासूनच्या सवयीने, रडत रडत, तोही म्हणाला, "आमेन." मग सोडला.

बळ मिळालं. हे पत्र मात्र पोस्टात टाकणार नाही. हात कशाने मोडला, ते तुमच्या मुलालाच सांगू दे.

तुमची सून,
आता उभ्याने प्रार्थना करणारी